आहे त्या परिस्थितीत देवाचा हेतू : पंडिता रमाबाईंची वाट

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्या उजव्या कानाने केव्हाच राजीनामा दिलाय आणि डावा दीर्घ रजेवर आहे. यंत्र लावतो, पण सभागृहात ते ऐकवतं कमी आणि शिट्ट्याच जास्त मारतं. म्हणून मागच्या खेपेपासून आपण प्रश्न चिठ्ठीवर घ्यायला लागलो. त्या चिठ्ठ्यांमधली एक गेला महिनाभर माझ्या खिशात आहे. नाव नाही, बाईंचं अक्षर. लिहिलंय : "सर, माझे यजमान चार वर्षं अंथरुणावर आहेत. मंडळीतले सगळे म्हणतात, यात देवाची काहीतरी योजना आहे. मला ती दिसत नाही. माझ्या विश्वासात काही कमी आहे का?"

आज मी खरं तर किर्केगार्डवर बोलणार होतो. माझा प्रबंध त्याच्यावर होता, टिपणंही तयार होती. पण ही चिठ्ठी बाजूला ठेवून किर्केगार्डवर बोलणं मला जमेना. त्याचं एक म्हणणं तेवढं घेतो आणि त्याला रजा देतो. तो म्हणतो की आयुष्य समजतं ते मागे वळून बघताना, जगावं मात्र पुढे तोंड करून लागतं. हे वाक्य लोक फार सहज वापरतात. त्यातली अडचण अशी, की चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना मागे वळायला अजून जागाच नाही. त्या मध्यावर उभ्या आहेत. मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला देवाचा हेतू कसा कळावा? आजचा प्रश्न एवढाच आहे.

प्रश्न जुना आहे. रोमच्या साम्राज्यात एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला, मुळात गुलाम. तो म्हणायचा, तू नाटकातला नट आहेस. भूमिका ठरवणारा दुसरा आहे; पांगळ्याची मिळाली तर पांगळ्याची नीट वठव. आपल्याकडे गीतेतला स्वधर्म सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्याचा धर्म कितीही चांगला वाटला तरी आपला सोडू नये. आणि ख्रिस्ती माणसाला पौल आठवतो. करिंथकरांस पहिले पत्र, सातवा अध्याय. ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने त्या स्थितीत राहावं. 'पाचारण' हा आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला मला फार आवडणारा शब्द. बोलावणं त्यात आहेच, पण नुसतं बोलावणं नाही, मानाने बोलावणं आहे. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने हेच पाचारण मठातून काढून चांभाराच्या दुकानात आणि मोलकरणीच्या झाडूपर्यंत नेलं. जर्मन भाषेत 'बेरूफ' म्हणजे धंदा, पेशा, आणि त्याच शब्दाच्या पोटात हाक मारणंही आहे. झाडू मारणाऱ्या बाईलाही देवाने तिथे बोलावलंय, हा विचार त्या काळात केवढा मोठा!

मोठा, आणि धोक्याचाही. कारण 'देवाने तुला इथे ठेवलंय' या वाक्याचं 'तू इथेच राहा' व्हायला वेळ लागत नाही. पौलाच्या पत्रातलंच बघा ना. ते वचन झाल्याबरोबर तो गुलामाशी बोलतो, आणि तिथलं ग्रीक वाक्य अर्धवट आहे. त्याचा शब्दशः अर्थ होतो, 'उलट, उपयोग करून घे.' कशाचा? मोकळं होण्याची संधी आली तर तिचा, की गुलामीचाच? शतकानुशतकं भाषांतरकारांचे यावर दोन तट आहेत. एका क्रियापदाला कर्म नाही, आणि त्या मोकळ्या जागेत कुणी बेडी ठेवली, कुणी किल्ली. अमेरिकेतले मळेवाले गुलामांना पवित्र शास्त्र वाचून दाखवत ते कुठलं आणि कशासाठी, हे इतिहास वाचलेल्यांना सांगायला नको. मी नगर जिल्ह्यातला. माझे पणजोबा येसकरकी सोडून मिशनच्या शाळेत अक्षर गिरवायला बसले. ते 'आहे त्या स्थितीत' राहिले असते तर आज इथे मी नसतो. त्यामुळे या वचनाकडे मी जरा सावधपणे बघतो, हे कबूल करतो.

आणि आपल्या इकडे विधवेला काय सांगितलं जायचं? हे तुझं प्रारब्ध, मागच्या जन्मीचे भोग. केशवपन कर, एकवेळ जेव, कोपऱ्यात बस. आता तुम्ही म्हणाल, प्रारब्ध आणि देवाची योजना या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथात आहेत, मान्य. पण अंथरुणाशेजारी बसलेल्या बाईच्या कानात दोन्ही एकच वाक्य होऊन पडतात. फरक आहे का आणि असला तर कुठे आहे, हे ज्यांच्या आयुष्यात बघता येतं अशा एक बाई आपल्याच मुलखात होऊन गेल्या. म्हणून आजचं व्याख्यान पंडिता रमाबाईंवर.

त्यांची गोष्ट तुम्हाला शाळेपासून माहीत असते, पण ती बहुतेक वेळा सत्कारासारखी सांगितली जाते. 1858 साली जन्म, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि पुढे ते पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्यांचं कुटुंब झालं. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईच्या तोंडून. मग 1870 नंतरचा मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. जवळ होतं नव्हतं ते देवांना आणि ब्राह्मणांना देऊन झालं, अन्न संपलं. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, पाठोपाठ मोठी बहीण. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसं पुरेनात म्हणून ही मुलगी पुढे झाली, आणि उंची कमी म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन चालली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मरण्यापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितलं होतं, की मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, तू त्याची आहेस, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. अनंतशास्त्री वैष्णव. त्यांचा देव कोणता ते उघड आहे. तीसेक वर्षांनी, 1907 मध्ये, रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष प्रसिद्ध केली, आणि त्यात या प्रसंगाकडे ख्रिस्ती डोळ्यांनी पाहिलं. वडिलांनी ज्याच्या हाती सोपवलं त्याला ते ओळखत नव्हते, पण ज्याने हात पुढे केला तो हाच, असा काहीसा त्यांचा भाव आहे. एखाद्याला हे खटकेल. वडिलांच्या देवाची ही अदलाबदल नाही का? मला विचाराल तर मला त्यात बापाचा हात न सोडण्याची धडपड दिसते. पण वर्ष लक्षात ठेवा. 1907. दुष्काळात उपाशी बसलेल्या रमेला यातलं काही दिसत नव्हतं. तेव्हा तिला दिसत होतं ते एवढंच, की दगडी देव बोलत नाहीत.

पुढचं भराभर सांगतो. भाऊ श्रीनिवास आणि ती, दोघं पायी पायी हिंदुस्थानभर. 1878 मध्ये कलकत्ता, तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, तेही जातीबाहेर. 1881 मध्ये मनोरमा झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. वय चोवीसही पूर्ण नाही. माहेर नाही, सासर नाही, कडेवर मूल. पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टर हव्यात असं त्या तिथे बोलल्या, आणि स्वतःच वैद्यक शिकायचं म्हणून 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या.

आता इथे मी जरा थांबणार आहे, आणि तुम्ही ओळखलं असेल का ते. रमाबाईंना कमी ऐकू यायचं. इंग्लंडला गेल्यावर स्पष्ट झालं, की या कानांनी वैद्यकाचा अभ्यास व्हायचा नाही. ज्यासाठी समुद्र ओलांडला, ज्यासाठी पुस्तक विकून पैसा उभा केला, ते दारच बंद. त्याच वर्षी त्यांच्यासोबत गेलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथे आयुष्य संपवलं. परका देश, दोन वर्षांची मुलगी. आणि त्यानंतर काही दिवसांतच, 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न ऐकू येईना, तेव्हा मी शिकवणं सोडलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्या वेळी आमच्या पाळकसाहेबांनी मला सांगितलं, देवाला तुमच्याकडून दुसरं काही हवं असेल. माणूस अतिशय सज्जन. पण मला इतका राग आला की दोन रविवार मी उपासनेला गेलो नाही. आज वाटतं, त्यांचं वाक्य खोटं नव्हतं. ते म्हणायचा अधिकार त्यांचा नव्हता, माझा होता, आणि माझाही इतक्या लवकर नव्हता.

रमाबाईंच्या बहिरेपणाचं काय झालं ते बघा. डॉक्टर होता येईना तेव्हा त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या, डोरोथिया बील यांच्याकडे. तिथे शिकल्या, संस्कृत शिकवलं. आता मागून बघणारा म्हणेल, पाहा, देवाने कान घेतले आणि शिक्षणाचं काम दिलं. मला ही वाक्यरचना पटत नाही. देवाने कान घेतले हे आपल्याला कुणी सांगितलं? शुभवर्तमानात जन्मांध माणूस भेटतो तेव्हा शिष्य हेच विचारतात, हा असा का जन्मला, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय बाजूला सारतो, आता इथे देवाचं काम दिसायला हवं असं म्हणतो, आणि वाकून माती कालवायला लागतो. म्हणजे प्रश्न 'का'चा होता आणि त्याने तो 'कशासाठी'वर नेला. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपलं भाग्य. कारण विचारणारा 'का' मागे बघतो. 'कशासाठी' पुढे बघतो. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ज्याच्यावर वेळ आलीय त्याच्याच हातून घडायचं असतं.

रमाबाई काही निमूट ख्रिस्ती नव्हत्या, बरं का. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असा सल्ला बिशपांकडून आला, हिंदुस्थानात गैरसमज होईल म्हणे. त्या खवळल्या. सिस्टर जेराल्डिन, ज्यांना त्या आईच्या ठिकाणी मानत, त्यांना त्यांनी पत्रांतून खणखणीत कळवलं, की आपल्या देशातल्या भटाभिक्षुकांच्या जोखडातून मी नुकतीच मोठ्या कष्टाने मान काढलीय, ती लगेच दुसऱ्या तशाच जोखडाखाली द्यायची माझी तयारी नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावरही त्या भांडल्या. ही पत्रं आज छापील मिळतात, जरूर वाचा. त्यात एक गोष्ट मला मोलाची वाटते. देवाची इच्छा मानायला त्या तयार आहेत, पण 'ही बघ देवाची इच्छा' असं दुसऱ्याने बोट दाखवून सांगितलेलं त्या मानत नाहीत.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका. पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक, बॉस्टनची मंडळी मदतीला उभी राहिली, दहा वर्षं पैसे देण्याची हमी मिळाली. मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई, ज्यांनी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. सदन पुण्याला आलं. 1893 मध्ये, मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना म्हणायला काही होतं, असं मला वाटतं. रमाबाईंनी सक्ती केली नव्हती, पण दार उघडं ठेवून प्रार्थना करणाऱ्या बाईंचा मुलींवर परिणाम होणारच होता. तो वेगळा विषय आहे. आपल्या कामाचं एवढंच, की हमीची दहा वर्षं संपत येणार होती आणि पुण्यातला पाठिंबा गेला होता. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. नगरकरांनो, आपलं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, रेल्वेलाइनवरचं. बाग लावायची, फळं विकायची, सदनाचा खर्च काढायचा. साधा व्यवहारी हिशेब.

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या. रमाबाई तिकडे गेल्या. का गेल्या? त्यांनीच लिहिलंय, की आपली उपासमार त्यांना आठवली. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कॅम्पांत आणि रस्त्यांवर त्यांनी मुली पाहिल्या, आणि अन्नाच्या आमिषाने त्यांना पळवणारी माणसंही पाहिली. सुमारे 300 मुलीबायका त्यांनी आणल्या. पण नेमकी त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ. एवढ्या जणींना शहरात ठेवायला सरकारची परवानगी मिळेना. आता न्यायचं कुठे? केडगावला. मळा होता, विहीर होती. मिळेल त्या निवाऱ्यात त्या राहिल्या आणि तिथेच 'मुक्ती' उभी राहिली. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या जवळजवळ 2000 वर गेली.

हा भाग मी अनेकदा वाचलाय. दर वेळी वाटतं, फळबागेसाठी जमीन घेताना त्यांना हे माहीत नव्हतं. हमी संपणार या काळजीपोटी घेतलेला तो मळा. योजना असलीच तर ती त्यांच्यापुढे नकाशासारखी उलगडलेली नव्हती. जे जवळ होतं ते जवळच्या गरजेला लावलं, एवढंच त्या दिवशी दिसत होतं. योसेफाचं बघा. "तुम्ही वाईट योजलं पण देवाने भलं योजलं" अशा अर्थाचं तो भावांना बोलतो केव्हा? मिसर देशात धान्याची कोठारं भरल्यावर. खड्ड्यात पडला असताना तो असं काही बोलल्याची नोंद उत्पत्तीच्या पुस्तकात नाही. आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याला हे सांगायला गेलं असतं कुणी, तर ते भाऊच असते!

आणखी एक. रमाबाईंनी परिस्थिती स्वीकारली असं आपण म्हणतो, पण त्याच 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांना कशी वागणूक मिळते यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारची नाराजी ओढवून घेतली. साथ ही देवाची इच्छा, तेव्हा गप्प राहा, असा अर्थ त्यांनी लावला नाही. विधवापणाचाही लावला नाही. प्रारब्ध म्हणणारा आणि त्या, यांच्यातला फरक मला इथे सापडतो. विधवा असणं त्यांनी नाकारलं नाही. पण त्यातून निघणारी आज्ञा म्हणून जी काही समाजाने वाचली, ती नाकारली.

आता एक अडचण मी लपवणार नाही. 1907 च्या साक्षीत रमाबाई सगळ्या आयुष्यावरून देवाचा हात फिरलेला बघतात. दुष्काळ, मरणं, सगळं. स्वतःच्या आयुष्याबद्दल त्यांना तो हक्क आहे. पण मी त्यांच्या वाक्याचा सिद्धांत करायला गेलो तर काय होईल? रमाबाईंना दुष्काळाची जाण यावी म्हणून दुष्काळ आला? त्यात लाखो माणसं मेली, त्यांचं काय? केडगावला आणलेल्या मुलींतल्याही सगळ्या जगल्या नाहीत. एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याला मारणारा देव मला ओळखीचा नाही, आणि त्यांनाही नसावा. साक्ष ही साक्ष असते. पहिल्या पुरुषात बोलली तर खरी, तृतीय पुरुषात नेली की क्रूर होते. चिठ्ठीतल्या बाईंना मंडळीतली माणसं जे सांगतायत, त्यात नेमकी ही चूक आहे.

शेवटचा काळ सांगतो. मुक्तीमध्ये अंधांसाठी बार्तीमी सदन झालं. मनोरमा ब्रेल शिकून आली होती, तिने ते शिकवलं. छापखाना निघाला, तो बायकाच चालवत. आणि पन्नाशीच्या आसपास असलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करायला बसल्या. साध्या बायकांना कळावं म्हणून. लहानपणी हजारो संस्कृत श्लोक पाठ केलेली ही बाई आता संस्कृत शब्द टाळत होती. खरं सांगायचं तर ते भाषांतर ठिकठिकाणी खडबडीत आहे, वाचताना अडखळायला होतं. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला अक्षरावर इतकी वर्षं वाकलेलं बघितलं की मला माझ्या टेबलावरची टिपणं आठवतात.

जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. चाळीस वर्षांची. आईनंतर मुक्ती तिनेच सांभाळायची असं ठरलेलं होतं. कडेवर घेऊन इंग्लंडला नेलेली मुलगी, तिला आईने पोचवलं. या मरणात देवाचा कोणता हेतू होता? मला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि कुणी दिलं तर मी उठून जाईन. रमाबाई भाषांतराच्या कामाला परत बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पूर्ण पवित्र शास्त्र 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

चिठ्ठीतल्या बाई आज आल्या असतील तर त्यांना : तुमच्या विश्वासात काही कमी नाही. योजना दिसत नाही म्हणता ते खरं बोलता, आणि मध्यावर उभ्या असलेल्या माणसाने खरं बोलावं. यजमानांची कूस बदलायला रात्री उठत असाल, तर तुमच्या 'कशासाठी'चं आजच्यापुरतं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि दोन तास कुणी येऊन बसलं तर तुम्हाला झोप मिळेल. हे मात्र मी तुमच्या मंडळीला उद्देशून म्हणतोय, तुम्हाला नव्हे.

आता चिठ्ठ्या पुढे पाठवा. अक्षर जरा मोठं काढा, चष्माही जुना झालाय.